सर्वानुमते

माझ्या नणंदेनं एकाच वॉर्डात सव्वीस वर्षं काढली. दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला, अडतीस खाटा. हॉस्पिटलात त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. मी वन्सं म्हणायचे. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं होतं, "ताई वगैरे म्हणू नकोस. ताई म्हणणाऱ्या माणसांना नेहमी काहीतरी हवं असतं."

त्यांनी लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाला शिकवलं, त्याला मुलगी शोधली, आणि मग त्याच्या संसारात त्या राहिल्या. खरं तर आम्हीच त्यांच्यात राहिलो. कुठला डबा कुठल्या फळीवर, हे पंधरा वर्षांनंतरही त्याच ठरवायच्या. माझी नोकरीही त्यांनीच लावून दिली. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर गुणवत्ता कक्ष नावाची एक खोली आहे. तिथं मी टायपिंग करायचे, फायली लावायचे आणि बैठकांचे मिनिट्स लिहायचे. नेमणूक तात्पुरती, दर सहा महिन्यांनी नवी ऑर्डर.

वन्संची जीभ वाईट होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना देवमाणूस समजाल. एखादी शिकाऊ नर्स रडल्याशिवाय त्यांची ड्यूटी संपत नसे. पण नजर अशी, की डॉक्टरनं लिहिलेली गोळी पेशंटच्या तोंडात जायच्या आधी त्यांच्या डोळ्यांखालून जायची, आणि खोट दिसली की त्या फोन उचलायच्या. "डॉक्टर, सात नंबरच्या किडनीचा रिपोर्ट पाहिलात, की नुसता सात नंबर पाहिलात?" पलीकडचा माणूस मुकाट्यानं डोस बदलायचा. सव्वीस वर्षांत असे किती फोन झाले, त्याची नोंद कुठंच नाही.

मग हॉस्पिटलानं ठरवलं, की हे काम आता संगणकानं करायचं. डॉक्टर पडद्यावर औषध लिहिणार, आणि काही धोका असेल तर पडद्यावर एक चौकट उघडून सावध करणार. ऐकायला सोपं. पण कुठल्या धोक्याची चौकट, कुणाच्या पडद्यावर, कामाच्या कुठल्या टप्प्याला, हे सगळं आधी ठरवावं लागतं. त्यासाठी सात जणांची समिती नेमली. दर बुधवारी अकराला बैठक. प्रमुख म्हणून एक डॉक्टर होते. चौदा वर्षांपूर्वी ते शिकाऊ म्हणून वन्संच्याच वॉर्डात लागले होते. तेव्हा तिथं एक उंच डॉक्टरही होता, म्हणून यांना सगळे छोटे डॉक्टर म्हणायचे. आता सगळे त्यांना सर म्हणत. वन्सं सोडून.

नियोजनाच्या सुरुवातीला सर वही घेऊन तीन आठवडे वन्संच्या मागे फिरले. त्या काय बघतात, कुठं थांबतात, फोन कधी करतात, सगळं टिपून घेतलं. वन्सं खुलल्या होत्या. घरी आल्या की पदर खोचायच्या आधीच सुरू. "आज छोटे डॉक्टर विचारतात, सिस्टर, तुम्हाला कळतं कसं? म्हटलं, कळत नाही हो, दिसतं. तुम्ही कागद बघता, मी माणूस बघते." नवरा हसायचा. मी ताटं वाढायचे. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते मला सोसतही नव्हतं.

चौसष्ट नियम त्यांच्या एकटीच्या तोंडून निघाले. चौथ्या बैठकीला संचालकबाई स्वतः आल्या. सरांनी पडद्यावर यादी दाखवली. संचालकबाईंनी कौतुकानं वन्संना विचारलं, "सिस्टर, यातलं एखादं उदाहरण सांगा ना. खरं घडलेलं."

वन्संनी सांगितलं. चौदा वर्षांपूर्वी एका शिकाऊ डॉक्टरनं म्हाताऱ्या पेशंटला हृदयाचं औषध लिहिलं आणि दशांशाचा टिंब विसरला. दहापट डोस. "मी दिला नाही. कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी तो बघितला आणि ते मटकन खाली बसले. माझे पाय धरले हो! म्हणाले, सिस्टर, कुणाला सांगू नका. नाही सांगितलं. आज पहिल्यांदा सांगतेय."

"कोण होते ते?" संचालकबाईंनी विचारलं.

"जाऊ दे. मोठे झालेत आता." वन्सं थांबल्या. मला ते थांबणं ओळखीचं होतं. घरी माझ्यावर वार करायच्या आधी त्या अशाच थांबायच्या. "उंची मात्र तेवढीच राहिली."

खोली हसली. संगणकवाला तर टेबलावर हात आपटून हसला. सरही हसले. त्यांचे कान लाल झाले होते आणि हातातलं पेन ते उघडत होते, मिटत होते.

त्यानंतर दोन बुधवारांनी इन्सुलिनचा विषय निघाला.

विषय साधा होता. मधुमेहाच्या पेशंटला सकाळी इन्सुलिन देतात आणि वर नाश्ता देतात. एखाद्या तपासणीसाठी त्याला उपाशी ठेवायचं ठरलं, तर इन्सुलिन कमी करावं लागतं किंवा थांबवावं लागतं. ते राहून गेलं तर साखर उतरते, माणूस बेशुद्ध पडतो, मरतोसुद्धा. तेव्हा चौकट हवीच. प्रश्न एवढाच होता, की ती कुणाच्या पडद्यावर उघडायची. ‘उपाशी ठेवा’ असं लिहिणाऱ्या डॉक्टरच्या, की इंजेक्शन देणाऱ्या नर्सच्या?

"लिहिणाऱ्याच्या," वन्सं म्हणाल्या. "तो लिहितोय तेव्हाच त्याला अडवा. डोस बदलायचा अधिकार त्याचा. माझ्यापर्यंत येईस्तोवर माझ्या हातात सिरिंज असते आणि मागं सदतीस पेशंट."

"सिस्टर, डॉक्टरांच्या पडद्यावर आधीच खूप चौकटी होतायत," सर म्हणाले. "ते वैतागलेत. नर्स तर त्या क्षणी पेशंटजवळच असते. प्रत्येक इन्सुलिनला एक चौकट: पेशंट जेवणार आहे का, खात्री करा. ‘पाहिलं’ दाबा, पुढं जा. एक सेकंदाचं काम."

"प्रत्येकाला दाखवलीत तर कुणालाच दिसणार नाही. रोज सकाळी अकरा-बारा इन्सुलिनं असतात. तिसऱ्यानंतर बोट आपोआप दाबेल. माझंसुद्धा. आणि तोंडी निरोप बंद करणार म्हणताय, खाटेवरच्या ‘उपाशी’ लिहिलेल्या पाट्या काढणार म्हणताय. मग उपाशी कोण आहे, ते मला स्वप्नात दिसणार का?"

"तुम्हालाच तर दिसतं ना, सिस्टर," सर म्हणाले. हसून म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

चौकट नर्सच्या पडद्यावर द्यायचं ठरलं. वन्सं माझ्याकडे वळल्या. "लिही. माझा विरोध आहे म्हणून लिही." मी लिहिलं. मुद्दा सहावा, त्याखाली त्यांचं म्हणणं, चार ओळी.

त्याच संध्याकाळी माझी आई आणि मोठा भाऊ आमच्याकडे आले होते. चहा चालू होता. भावानं कौतुकानं विचारलं, "काय, ऑफिस कसं चाललंय?" मी तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, "हिचं काय चालायचंय? मी शब्द टाकला म्हणून घेतली हिला. बैठकीत मी बोलते ते कागदावर उतरवते, तेही अर्धं चुकीचं. शाळेत शुद्धलेखन शिकवलं नव्हतं का हो हिला?" हे शेवटचं माझ्या आईला. आई खाली मान घालून कपाकडे बघत राहिली. नवरा म्हणाला, "अक्का, काय हे," आणि बिस्किटांची बशी पुढं केली. पंधरा वर्षं तो हेच करत आला होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सर माझ्या टेबलाशी आले. हातात माझेच मिनिट्स. खुर्ची ओढून बसले. इतका मोठा माणूस माझ्यासमोर कधी बसला नव्हता.

"छान लिहिता तुम्ही," ते म्हणाले. "फक्त हा सहावा मुद्दा. एवढं तपशिलात नको. शेवटी सगळ्यांनी मान्य केलंच ना?"

मी म्हटलं, "मोठ्या सिस्टरांचा विरोध होता."

"चर्चेत सगळेच काहीबाही बोलतात. ‘सर्वानुमते मंजूर’ लिहा, सुटसुटीत दिसतं." मग उठता उठता, जणू आत्ता आठवलं असं, "तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव माझ्याकडेच आलाय. या महिन्यात करून टाकू."

मला भीती वाटली म्हणून मी ते केलं, असं सांगता आलं असतं. भीती होतीच. पण त्या चार ओळी काळ्या करून पुसायचं बटण दाबलं, तेव्हा मला आईची खाली घातलेली मान दिसत होती, आणि अंगभर गुदगुल्या झाल्यासारखं झालं होतं. वन्संची चार वाक्यं माझ्या एका बोटानं गेली. नव्या कागदावर सातही जणांच्या सह्या घेतल्या. वन्संनी राउंडच्या गडबडीत, ट्रॉलीच्या कडेवर कागद टेकवून, न वाचता सही केली. मीच लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय, असं त्यांना वाटलं असेल.

सिस्टिम सुरू झाली. खाटांवरच्या पाट्या निघाल्या. फोनवर निरोप द्यायचे नाहीत, सगळं पडद्यावर टाकायचं, असं पत्रक लागलं. एखाद्या सिस्टरनं फोन केलाच, तर शिकाऊ डॉक्टरसुद्धा म्हणू लागले, "सिस्टिममध्ये आहे, बघा." मला कायमची ऑर्डर मिळाली. वन्सं घरी येऊन बोटं दाखवायच्या. "बघ, ‘पाहिलं’ दाबून दाबून घट्टा पडेल आता."

चौथ्या महिन्यात ते झालं.

एकोणीस नंबरच्या खाटेवर एकसष्ट वर्षांच्या बाई होत्या. शाळेचे गणवेश शिवायच्या. पोटाच्या दुखण्यासाठी दाखल झालेल्या, मधुमेह जुना. त्या दिवशी सकाळी पोटात दुर्बीण घालून करायच्या तपासणीची दुपारची एक जागा अचानक रिकामी झाली. सात चाळीसला वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरनं आपल्या खोलीतूनच पडद्यावर टाकलं: एकोणीस नंबर, उपाशी ठेवा. फोन केला नाही. करायचाच नव्हता. इन्सुलिनची जुनी ऑर्डर तशीच राहिली.

वॉर्डात तीन सिस्टर असायला हव्यात. त्या दिवशी दोन होत्या. सात पन्नासला वन्संनी एकोणीस नंबरला अठ्ठावीस युनिट दिलं. त्या सकाळची ती नववी चौकट होती. त्यांनी ‘पाहिलं’ दाबलं.

स्वयंपाकघराची यादी मात्र संगणकानं चोख बदलली होती. सव्वाआठला नाश्त्याची गाडी आली, गाडीवाल्यानं यादी बघितली आणि एकोणीस नंबर वगळून पुढं गेला. पडदा ओढलेला, बाई झोपलेल्या. उपाशी पेशंट झोपलाय, तर कोण उठवणार? पावणेअकराला फरशी पुसणाऱ्या बाईनं पाहिलं, की त्यांची उशी घामानं भिजलीय आणि डोळे अर्धे उघडे आहेत. साखर एकवीस. शिरेतून ग्लुकोज दिलं, साखर वर आली, पण बाई शुद्धीवर आल्या नाहीत. अकरा दिवस तशाच होत्या. बाराव्या दिवशी गेल्या.

चौकशीला तिघं बसले: संचालकबाई, मेट्रन आणि सर. सर कशाला, असं कुणी विचारलं नाही. सिस्टिम त्यांनाच कळते, असं ठरलेलंच होतं. लिहायला मी.

वन्सं इस्त्रीचा गणवेश घालून आल्या. सरांनी भिंतीवर ती चौकट मोठी करून दाखवली.

"सिस्टर, वाचता येतंय ना? जरा मोठ्यानं वाचा."

मेट्रननं वर पाहिलं. वन्संनी वाचलं. "या रुग्णास इन्सुलिन देण्यापूर्वी रुग्ण अन्न घेणार असल्याची खात्री करावी. उपाशी ठेवण्याचा आदेश असल्यास डॉक्टरांशी संपर्क साधावा."

सरांच्या हातात घड्याळ होतं. "अकरा सेकंद. शांतपणे वाचलं तर अकरा लागतात. आता त्या दिवशीची नोंद बघू." त्यांनी बटण दाबलं. भिंतीवर आकडा आला. "चौकट उघडल्यापासून बंद होईपर्यंत शून्य पूर्णांक आठ. एक सेकंदसुद्धा नाही. सिस्टर, तुम्ही काय पाहिलंत?"

वन्सं भिंतीवरच्या आकड्याकडे बघत होत्या.

"‘पाहिलं’ दाबलंय तुम्ही. म्हणून विचारतो. काय पाहिलंत?"

"काही नाही," वन्सं म्हणाल्या.

"मोठ्यानं. त्यांना लिहायचंय."

"काही पाहिलं नाही." मग त्यांनी संचालकबाईंकडे पाहिलं. "पण मॅडम, असं होणार हे मी आधीच सांगितलं होतं. चौकट डॉक्टरच्या पडद्यावर द्या म्हणून. भांडले होते मी. मिनिट्समध्ये आहे. ही माझी भावजय, हिनंच लिहिलंय."

मिनिट्स मागवायची गरज पडली नाही. सरांकडे तयार होते. तेही भिंतीवर आले. मुद्दा सहावा: इन्सुलिनविषयक सूचना परिचारिकांच्या पडद्यावर दर्शविण्याचे सर्वानुमते मंजूर. खाली सह्या. वन्संची सही जरा तिरकी, ट्रॉलीच्या कडेवर केलेली.

वन्संनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. रागानं नाही. एखाद्या पेशंटकडे बघावं तसं.

संचालकबाई मला म्हणाल्या, "तुम्ही होतात त्या बैठकीला. यांनी विरोध केला होता का? आठवतंय?"

हो म्हणायला एकच अक्षर लागतं. माझी ऑर्डर कायम झाली होती. मला कुणी लगेच काढूही शकलं नसतं. पण हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न होता, मग हे पुसलं कुणी?

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

मग वन्सं म्हणाल्या, "झालं तर मग. लिही. सिस्टरनं चूक कबूल केली म्हणून लिही." जरा थांबल्या. "शब्द अडला तर विचार."

मी लिहिलं. एकही चूक झाली नाही.

त्यांची नर्सची नोंदणी वर्षभरासाठी थांबवली आणि त्यांना तळमजल्यावर चादरींच्या खोलीत बसवलं. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, फाटलेल्या वेगळ्या काढायच्या. जिन्यात भेटलेल्या शिकाऊ नर्स आधी भिंतीला चिकटून वाट द्यायच्या. आता गप्पा न थांबवता बाजूनं जायच्या. त्यांनी रडवलेल्यांपैकी एकीनं तर मुद्दाम खाली जाऊन विचारलं म्हणे, "सिस्टर, मोजताना नीट पाहताय ना?" हे मला कॅन्टीनमध्ये कळलं. सगळे हसत होते. मीही त्या टेबलावर होते.

घरी त्यांनी भावाला काही सांगितलं नाही. मी रोज वाट बघायचे, की आज जेवताना निघेल. नवऱ्यानं एकदा विचारलं, "तू होतीस ना गं तिथं? अक्काच्या बाजूनं कुणी बोललं नाही?" वन्सं समोर भाजी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मी फक्त लिहायला असते." वन्संनी एक कीड लागलेलं पान बाजूला टाकलं. बस्स. स्वयंपाकघरातले डबे मी माझ्या मनासारखे लावले, तरी त्या बोलल्या नाहीत. पंधरा वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता त्यांच्या पावलांचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दुसऱ्या खोलीत जायचे.

बाई गेल्यावर दोन महिन्यांनी समितीची बैठक झाली. सरांनी नवा प्रस्ताव मांडला. दुर्दैवी घटनेतून आपण धडा घेतला आहे. नर्सवर विसंबणं धोक्याचं ठरलं. म्हणून यापुढं ही चौकट ‘उपाशी ठेवा’ लिहिणाऱ्या डॉक्टरच्याच पडद्यावर, तिथल्या तिथं उघडेल, आणि इन्सुलिनचा निर्णय घेतल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. संचालकबाई म्हणाल्या, "उत्तम विचार." कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. वन्संच्या खुर्चीत दुसरी सिस्टर बसली होती. तीही वाजवत होती.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी वन्संच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि सांगितलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांना बरं वाटेल, असं वाटलं असेल. किंवा त्या दोन शिव्या देतील आणि मी सुटेन.

त्या कपड्यांची घडी घालत होत्या. "म्हणजे मी म्हटलं होतं तसंच?"

"हो."

"सर्वानुमते?"

"हो."

"खरंच सगळे होते, की तूच लिहिलंस?"

त्यांनी घडी पुरी केली, फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "रविवारी माझ्याबरोबर यायचं. त्या बाईंच्या मुलीकडे."

नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दोन बस बदलून गेलो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दार उघडं, आतून शिलाई मशीनचा आवाज. मुलगी तिशीची असेल. समोर निळ्या कापडाचा ढीग. आईचंच काम ती पुढं करत होती. वन्सं उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"मी वॉर्डातली सिस्टर," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला इंजेक्शन मी दिलं."

मशीन थांबलं. मुलीनं सुईखालचं कापड सोडलं नाही. "तुम्हीच का त्या? आम्हाला सांगितलं होतं, नर्सची चूक झाली. नाव सांगितलं नाही." तिचा आवाज वर चढला नाही. "मला एकच विचारायचं होतं कुणालातरी. आई काही बोलली का? त्या सकाळी?"

मला वाटलं, वन्सं म्हणतील नाही. चौकशीत तर असं काही निघालंच नव्हतं.

"बोलली," वन्सं म्हणाल्या. "मी सुई टोचताना म्हणाली, सिस्टर, चहावाला यादी बघून गेला, आज मला चहासुद्धा मिळणार नाही म्हणतो. मी म्हटलं, मिळेल हो, गाडी येतेच आहे. तिच्या तोंडाकडे न बघता म्हटलं. पुढच्या खाटेकडे निघाले होते."

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. संगणकात नव्हतं, कागदात नव्हतं. त्यांनी स्वतःहून सांगितलं नसतं तर जगात कुणाला कळलं नसतं. सव्वीस वर्षं माणूस बघणारी बाई त्या एका सकाळी बघायची थांबली होती, आणि ते त्यांनी उंबऱ्यात उभं राहून त्या मुलीच्या हातात दिलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता तू सांग."

मुलीनंही माझ्याकडे पाहिलं. "या कोण?"

सगळी वाक्यं माझ्याकडे तयार होती. बसमध्ये दोन तास मी तीच जुळवत होते. माझ्या नणंदेनं आधीच सांगितलं होतं. मी ते पुसलं. विचारलं तेव्हा खोटं बोलले.

"मी यांची भावजय," मी म्हणाले. "यांच्या सोबतीला आले."

वन्संचा चेहरा जराही हलला नाही. मुलगी उठली. तिनं वन्संना सांगितलं, "तुम्ही बाहेर व्हा. माझ्या दारात उभ्या राहू नका." वन्सं पायऱ्या उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला उन्हात जाऊन थांबल्या. मग मुलगी स्टूल ओढून मला म्हणाली, "तुम्ही बसा ना. तुम्ही कशाला उभ्या? तुमचा काय दोष?" तिनं आतून पेला भरून पाणी आणलं. मी बसले. पाणी गार होतं, सगळं प्यायले. ती माझ्यासमोर जमिनीवर बसून रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

परत येताना वन्सं पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होत्या. पुढच्या महिन्यात त्यांनी चादरींच्या खोलीचा राजीनामा दिला आणि गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेल्या. तिथं त्या म्हाताऱ्यांना भरवतात, अंघोळी घालतात. औषधाला हात लावत नाहीत. नवरा दर रविवारी त्यांना भेटायला जातो. त्याला वाटतं, मी घरात त्यांचा छळ केला, डब्यांवरून, फळ्यांवरून, आणि त्याला कंटाळून त्या गेल्या. तो माझ्याशी आता कामापुरतंच बोलतो. मी त्याला तसंच वाटू देते.